ताबा ६१ टक्के, गोल ९: एफएम २४ मधल्या शॉर्ट पासिंगची दुरुस्ती

२२ जून २०२४, शनिवार

फुटबॉल मॅनेजर २४, म्हणजे एफएम २४: फुटबॉलचा संघ चालवायचा कॉम्प्युटर गेम. इंग्लंडची लीग टू, म्हणजे वरून चौथी पायरी. २४ संघ, ४६ सामने, तळाचे दोन थेट नॅशनल लीगमध्ये. क्लबचं नाव लिहीत नाही. जे बिघडलंय ते मी बिघडवलंय, त्यांच्या नावाला बट्टा कशाला.

आज १४ सामने झाले. २ जिंकले, ६ बरोबरीत, ६ हरलो. गुण १२, जागा २१ वी. चेंडूवरचा ताबा सरासरी ६१ टक्के, लीगमध्ये सगळ्यांत जास्त. गोल ९, लीगमध्ये सगळ्यांत कमी. हे दोन्ही आकडे एकाच संघाचे आहेत, म्हणून ही वही उघडली. खालच्या लीगमध्ये छोट्या पासांचा खेळ बसवायला निघालेल्या कुणाला तरी उपयोग होईल. नाहीतर निदान मला पुढच्या हंगामात.

सध्याची मांडणी लिहून ठेवतो, म्हणजे नंतर खोटं बोलता येणार नाही. रचना ४-३-३. मेंटॅलिटी, म्हणजे किती धोका पत्करायचा, बॅलन्स्ड. पासिंग 'मच शॉर्टर', टेम्पो 'लोअर', सोबत 'प्ले आउट ऑफ डिफेन्स' (मागूनच छोट्या पासांनी सुरुवात), 'वर्क बॉल इनटू बॉक्स' (चेंडू गोलसमोरच्या चौकटीत नेऊनच मारायचा) आणि 'बी मोअर डिसिप्लिन्ड' (आखून दिलेलंच खेळायचं). दोन्ही सेंटर बॅक 'बॉल प्लेइंग डिफेंडर'. दोन्ही साइड बॅक 'विंग बॅक'. त्यांच्या मध्ये 'डीप लाइंग प्लेमेकर', म्हणजे मागे राहून खेळ रचणारा, त्याच्यापुढे आणखी दोन रचणारे, 'ॲडव्हान्स्ड प्लेमेकर' आणि 'रोमिंग प्लेमेकर'. दोन्ही विंगर आत येणारे, दोघेही सपोर्ट ड्यूटीवर, म्हणजे पुढे पळण्यापेक्षा जवळ राहून साथ द्यायला. वर एकटा 'फॉल्स नाइन', म्हणजे खाली येऊन चेंडू घेणारा स्ट्रायकर.

ही मांडणी एका व्हिडिओतून उचलली. तिथे ती प्रीमियर लीगच्या वरच्या संघावर चालवून दाखवली होती आणि चाली बघून तोंडाला पाणी सुटलं होतं. माझ्या तीन मिडफिल्डरांचा फर्स्ट टच, म्हणजे आलेला चेंडू पहिल्या स्पर्शात ताब्यात घ्यायचं कसब, २० पैकी ९, १० आणि ११ आहे, हे त्या वेळी बघितलं नाही.

आत्ता लिहिताना एक गोष्ट दिसली. अकरा जणांत अटॅक ड्यूटीवर एकही माणूस नाही. पण आज रात्रीचे साडेबारा झालेत, उद्या बघू.

२४ जून

बघितलं नाही. स्ट्रायकरवर खापर फोडलं.

आमचा फॉल्स नाइन १४ सामन्यांत एक गोल मारून बसलाय, फिनिशिंग १०. ट्रान्सफर विंडो बंद, म्हणून क्लब नसलेल्या खेळाडूंच्या यादीतून एक उचलला. वय ३३, फिनिशिंग १४, फर्स्ट टच १४, पेस ७. आठवड्याला १,४०० पौंड, गेममधल्या ३० जूनपर्यंत. ३५ आठवडे धरले तर ४९,००० पौंड. पगाराचं बजेट ओलांडलं, बोर्डाची नाराजी तिथेच दिसायला लागली.

त्याला त्याच जागी, त्याच रोलवर लावून चार सामने खेळलो. दोन बरोबरीत, दोन हरलो, गोल दोन. नव्या माणसाला चार सामन्यांत मिळून पाच शॉट मिळाले, त्यातले तीन हेडर. चेंडू त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. नळाला पाणी नाही आणि मी नवीन बादली आणली.

वाया गेलेला वेळ: दोन संध्याकाळी.

२७ जून

आज चिडून एका दमात सात गोष्टी बदलल्या. मेंटॅलिटी अटॅकिंग, टेम्पो हायर, पासिंग स्टँडर्ड, मैदानाची रुंदी वाढवली, 'हिट अर्ली क्रॉसेस' लावलं आणि दोन रोल बदलले.

पहिला सामना ४-१ जिंकलो. खुर्चीतून उठून टाळी वाजवली. पुढचा ०-३, त्याच्या पुढचा १-४.

आता यातलं काय चाललं आणि काय अंगाशी आलं, सांगायला मार्ग नाही. टॅक्टिकल फॅमिलिॲरिटीच्या पट्ट्या, विशेषतः टेम्पो आणि पासिंगच्या, खाली आल्या. म्हणजे पोरांना तरी काय करायचंय हे कळतंय का, याचीच शंका. शिवाय मेंटॅलिटी बदलली की बाकीच्या सगळ्या सूचनांचा पायाच सरकतो. बॅलन्स्डवरचा 'स्टँडर्ड' टेम्पो आणि अटॅकिंगवरचा 'स्टँडर्ड' टेम्पो एक नाहीत. मी सात बदल केले असं समजत होतो, प्रत्यक्षात दहा-बारा झाले असणार.

एक कबुली. तो ४-१ चा सामना मी जुन्या सेव्हवरून आणखी दोनदा खेळून बघितला, हंगामात धरला नाही, फक्त बघायला. तीच माणसं, त्याच सूचना. एकदा ०-२, एकदा १-१. तेव्हा एका सामन्याच्या निकालावरून काही ठरवायचं नाही, एवढं पक्कं झालं. यापुढे एका वेळी एकच बदल, किमान चार सामने, आणि स्कोअर बघण्याआधी एक्स-जी बघायचा. किती चांगल्या संधी मिळाल्या ते त्यावरून कळतं, चेंडू पोलला लागला की आत गेला हा नशिबाचा भाग वेगळा काढता येतो.

जुनी टॅक्टिक परत लोड केली. २१ सामने, १७ गुण, जागा २३ वी. बोर्डानं बोलावलं होतं. पाच सामन्यांत पाच गुण, नाहीतर नारळ.

३० जून, रविवार

काल रात्री टी-ट्वेंटीचा वर्ल्डकप जिंकला, गल्लीत उशिरापर्यंत फटाके. सकाळी डोकं जड होतं, म्हणून काही बदलायचं नाही असं ठरवून फक्त एक सामना पूर्ण बघितला. हायलाइट्स नाहीत, नव्वदच्या नव्वद मिनिटं, टूडी मध्ये, ठिपक्यांचा खेळ. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. हायलाइट्समध्ये गेम फक्त संधी दाखवतो, आणि माझा आजार तर संधी न मिळण्याचा.

दुपारी मामा आले. मामा ऐंशीच्या दशकात पेठेतल्या एका तालमीच्या संघातून लेफ्ट आउट खेळायचे. अजूनही कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी या संघांची मॅच असली की पहिल्या पायरीवर बसतात. खुर्ची ओढून शेजारी बसले.

३४ वं मिनिट लिहून ठेवलंय. गोलकीपरकडून डाव्या सेंटर बॅककडे. त्याच्याकडून उजव्याकडे. आमचा सहा नंबर, तो डीप लाइंग प्लेमेकर, दोघांच्या मधे येऊन चेंडू मागतो. त्याला मिळतो. तेवढ्यात ॲडव्हान्स्ड प्लेमेकर पण खाली येतो, कारण तोही प्लेमेकर, त्यालाही चेंडू पायात हवा. रोमिंगवाला दुसऱ्या बाजूनं खाली. फॉल्स नाइन सेंटर सर्कलमध्ये. दहा-बारा यार्डांच्या घेरात आमची सहा माणसं, आणि समोरच्यांचा एकटा स्ट्रायकर त्यांच्यामधे नुसता उभा. पळत पण नाही. गोलकीपर सोडून त्यांचे बाकीचे नऊ जण स्वतःच्या डीसमोर, म्हणजे गोलपुढच्या चौकटीसमोर, दोन ओळी लावून थांबलेत. त्यांच्या पाठीमागे पंचवीस यार्ड मोकळं मैदान, तिकडे आमचं चिटपाखरू नाही. सोळा पास झाले. सतरावा गोलकीपरकडे परत. त्यानं लांब मारला, चेंडू थ्रोला गेला.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आरं, ह्यांनी बॉल पाळायला घेतलाय का काय?"

मी म्हणालो, "मामा, ह्याला पझेशन म्हणतात. ताबा ठेवायचा."

"ठेवा की. पण गोल तिकडं हाय, हे सांगितलंयस का त्यास्नी?"

सामना ०-० सुटला. ताबा ६६ टक्के, शॉट ६, एक्स-जी ०.३. नंतर पास मॅप उघडला. सहा नंबरचे ९४ पास, त्यातले निम्म्याहून जास्त आपल्याच दोन सेंटर बॅकना. नकाशावर सगळ्या जाड रेघा इंग्रजी यू आकाराच्या: एका साइडनं वर, परत मागे, दुसऱ्या साइडनं वर. मधे भोक.

दुखणं आज सापडलं. सगळ्यांना चेंडू पायात हवाय, पुढे पळायला कुणीच तयार नाही. पास छोटा आहे ही अडचण नाही. तो द्यायला पुढे माणूसच नाही. २०१८ च्या वर्ल्डकपमध्ये स्पेननं रशियाविरुद्ध आणि २०२२ ला मोरोक्कोविरुद्ध हजाराच्या वर पास दिले होते आणि दोन्ही वेळा पेनल्टीवर घरी गेले. ते दोन्ही सामने मी जागून बघितले होते, तरी स्वतःच्या संघात तेच करून ठेवलं.

३ जुलै

पहिला खरा बदल. तीनपैकी दोन प्लेमेकर काढले.

प्लेमेकर रोल म्हणजे लोहचुंबक. बाकीचे खेळाडू त्याला शोधून चेंडू देतात. एका संघात तीन लोहचुंबक असले की चेंडू त्यांच्यातच फिरतो. कुठला ठेवायचा हे गुणांवरून ठरवलं: सहा नंबरचं पासिंग १४, कंपोजर १३, तो राहिला. डावीकडच्या ॲडव्हान्स्ड प्लेमेकरला 'मेझाला', अटॅक ड्यूटी. मेझाला म्हणजे बाहेरच्या बाजूला सरकत वर जाणारा मिडफिल्डर, त्यांच्या साइड बॅक आणि सेंटर बॅकच्या मधल्या फटीत घुसणारा. उजवीकडच्या रोमिंगवाल्याला 'कॅरिलेरो', म्हणजे फार वर न जाता आपल्या साइडची भोकं बुजवणारा. हे गवंडीकाम आहे, त्याला ग्लॅमर नाही. पण त्या पोराचं टीमवर्क १६ आणि पासिंग ९, त्याला हेच शोभतं.

पहिल्याच सामन्यात काउंटरवर गोल खाल्ला. डावा विंग बॅक वर, मेझाला पण वर, आणि मागे डाव्या बाजूला मैदान भाड्यानं देण्याइतकं रिकामं. दोन गोष्टी एकाच वेळी बदलायच्या नाहीत हा नियम आठवडाभरात मोडला आणि डाव्या बॅकला साधा 'फुल बॅक' केलं. नियम पाळायला गोल खात बसण्यात अर्थ नव्हता.

चार सामने: १ विजय, २ बरोबरी, १ पराभव. गोल ४. शॉट सामन्याला ७ वरून ९. बोर्डानं मागितले होते पाच गुण, परवाची ०-० ची बरोबरी धरून सहा झाले. नोकरी वाचली.

७ जुलै

आज 'वर्क बॉल इनटू बॉक्स' काढलं. ही सूचना लावली की खेळाडू लांबून शॉट आणि घाईचे क्रॉस टाळतात, चेंडू डीत नेऊनच काय ते करायचं बघतात. कागदावर झकास. पण ज्यांचा फर्स्ट टच १० आहे त्यांना डीच्या तोंडाशी चार पास जास्त द्यायला लावणं म्हणजे चार वेळा चेंडू घालवायची संधी देणं. वर टेम्पो 'लोअर'. म्हणजे समोरचा संघ आरामात जागेवर परत येणार, पाणी पिणार आणि मग अडवणार.

नियमाला इथेही थोडी बगल दिली. पहिले दोन सामने फक्त ती सूचना काढून, पुढचे दोन पासिंग एक घर वर चढवून: 'मच शॉर्टर' वरून 'शॉर्टर'. या एका घरानं डोळ्यांना दिसेल इतका फरक पडला. आधी डाव्या सेंटर बॅकला उजवा विंगर मोकळा दिसला तरी तो पास द्यायचाच नाही. आता सामन्यात तीन-चार वेळा देतो. त्यातला एखादा चुकतो, चुकू दे.

उलटा परिणामही झाला. लांबून मारलेले शॉट सामन्याला दोनवरून सहावर गेले. वैतागून शोधलं तर सहापैकी चार एकट्या मेझालाचे, त्याच्या ट्रेट्समध्येच 'शूट्स फ्रॉम डिस्टन्स' लिहिलंय. त्याच्यापुरती 'शूट लेस ऑफन' ही सूचना दिली. पूर्ण थांबला नाही, सवय ती सवय. पण निम्म्यावर आला. अख्ख्या संघाला लगाम घालण्यापेक्षा त्या एकालाच घातलेला बरा, हे आधी सुचलं नव्हतं.

चार सामने: २ विजय, १ बरोबरी, १ पराभव, गोल ६. पण स्ट्रायकर अजून उपाशी. सहातले चार गोल कॉर्नर आणि फ्री किकवरून आलेत.

१५ जुलै

आज ऑफिसला उशिरा गेलो. साडेबारा रात्री युरोची फायनल सुरू झाली, झोपायला तीन वाजले. स्पेन २, इंग्लंड १. मामाही जागे होते, फोन चालू ठेवून बघत होतो.

पहिला गोल, ४७ वं मिनिट. कारवाहालनं पायाच्या बाहेरच्या बाजूनं यमालला दिला. यमाल उजवीकडून आत. तो आत येतोय तोवर पुढची माणसं पळत इंग्लंडच्या बचावाला आपल्यामागे ओढून नेतात, आणि पलीकडच्या टोकाला नीको विल्यम्स धावत येतो. यमालचा पास, नीकोचा डावा पाय, गोल. मी रिप्ले थांबवून थांबवून बघितला. चेंडू ज्याच्याकडे आहे तो सोडून बाकी सगळे पळतायत. आमच्यात बरोबर उलटं होतं: चेंडूवाला सोडून सगळे उभे.

दुसरा गोल, ८६ वं मिनिट, तर माझ्यासाठीच मारल्यासारखा. मोराताच्या जागी आलेला ओयारझाबाल खाली आला, चेंडू डावीकडे कुकुरेयाला दिला आणि थांबला नाही. सरळ डीत पळाला. कुकुरेयाचा परत आलेला चेंडू घसरत जाऊन गोलात ढकलला.

मामा फोनवर म्हणाले, "बघ. आला, दिला, पळाला. तुझा तो ठिपका येतोय, देतोय आणि तिथंच बसतोय."

ऑफिसातून आल्यावर फॉल्स नाइन बंद. 'डीप लाइंग फॉरवर्ड', अटॅक ड्यूटी. हाही खाली येऊन चेंडू घेतो, पण दिल्यावर डीकडे वळतो. उजवा विंगर 'इनसाइड फॉरवर्ड', अटॅक. त्याच्या बाहेरून उजवा विंग बॅक सपोर्टवर, म्हणजे रुंदी त्यानं द्यायची, आणि तो वर गेला की मागे कॅरिलेरो आहेच. डावीकडे उलट: विंगर साधा 'विंगर', रेघेला चिकटून, म्हणजे त्यांचा साइड बॅक बाहेर ओढला जातो आणि मेझालाला फट मिळते. टेम्पो 'स्टँडर्ड' केला. 'बी मोअर डिसिप्लिन्ड' काढून टाकलं.

हो, हे पुन्हा पाच बदल झाले. पण या वेळी पाचही एकाच कामासाठी आहेत, तेव्हा वेगवेगळे करून बघण्यात मतलब नव्हता. एक चाक आज आणि दुसरं चाक पुढच्या आठवड्यात बसवून गाडी कशी चालते ते कळत नाही.

१९ जुलै

चार सामने: ३ विजय, १ पराभव. गोल ९. पहिल्या १४ सामन्यांत होते तेवढे. ताबा ६१ वरून ५५ वर आला, शॉट १२ वर गेले.

आणि गंमत म्हणजे तो ४९,००० चा म्हातारा. फिनिशिंगसाठी आणला होता, उपयोगी पडतोय फर्स्ट टच. पेस ७, त्यामुळे बचाव फाडून पळणं त्याच्याकडून होणार नाही. पण सहा नंबरचा पास अंगावर डिफेंडर घेऊन थांबवतो, एका टचमध्ये मेझालाला किंवा आत येणाऱ्या उजव्या विंगरला देतो आणि धापा टाकत डीत जातो. चार सामन्यांत गोल एक, असिस्ट चार. साठ मिनिटांनंतर मात्र संपतो. सत्तराव्या मिनिटाला बदलायचा हे लिहून भिंतीला चिकटवलंय, कारण दोनदा विसरलो आणि दोन्ही वेळा शेवटची वीस मिनिटं दहा जणांनी खेळल्यासारखी गेली.

ट्रेनिंगमध्ये सामन्याच्या आधी 'मॅच टॅक्टिक्स' आणि 'अटॅकिंग मूव्हमेंट' ही दोन सत्रं कायमची टाकली. आधी आठवडा असिस्टंटच्या भरवशावर होता आणि फॅमिलिॲरिटीच्या पट्ट्या महिनोन् महिने अर्ध्यावर अडकल्या होत्या. आता जवळजवळ भरल्यात. यात कौशल्य काही नाही, फक्त आळस सोडायचा.

२५ जुलै

पंचगंगा इशारा पातळीच्या वर गेलीय, रस्ते बंद, ऑफिसला सुट्टी. लाइट सकाळपासून तीनदा गेली. लॅपटॉपची बॅटरी दीड तास टिकते. त्या दीड-दीड तासांत चार सामने खेळलो आणि चारही वाया: १ बरोबरी, ३ पराभव, गोल १.

पहिल्या दोन पराभवांनंतर वाटलं, समोरच्यांना आपली चाल कळली. खालच्या संघांनी खोल बसायला सुरुवात केली असेल. तसं समजून मेझालाला परत प्लेमेकर करायला निघालो होतो. हात आवरला, ते बरं झालं.

तिसरा सामना पुन्हा पूर्ण बघितला. चाली त्याच, पळणंही तेच, पण पास अर्ध्यात मरत होता. सेंटर बॅकचा दहा यार्डांचा पास सहा नंबरपर्यंत पोचायच्या आत त्यांचा स्ट्रायकर मधे. मग सामन्याआधीचं पान उघडलं. मैदानाची स्थिती: खराब. हवामान: जोराचा पाऊस. गेममध्ये मार्च सुरू होता. लीग टूच्या मैदानावर सगळा हिवाळा तुडवून झालेला, वर आमच्याच मैदानावर राखीव संघाचे सामनेही मीच लावून ठेवलेले. पाच महिने ते पान मी न वाचता पुढे ढकलत होतो.

संध्याकाळी मामांचा फोन, पाणी कुठवर आलंय ते सांगायला. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "पावसाळा सरल्याबिगर आपल्याकडं कोण मॅच लावतंय? चिखलात शॉर्ट पासिंग करायला माशे हायत काय?"

राखीव संघाचे सामने हलवले. गुण ४०, जागा १९ वी. तळापासून अजून फार लांब नाही.

२८ जुलै

दुसरी टॅक्टिक बनवली, फक्त चिखलासाठी. माणसं आणि रोल तेच, फरक तीन. 'प्ले आउट ऑफ डिफेन्स' बंद, पासिंग 'मोअर डायरेक्ट', आणि गोलकीपरनं चेंडू सेंटर बॅकना न देता लांब, म्हाताऱ्याच्या डोक्यावर. तो तसाही अंगावर माणूस घेऊन खेळणारा, हेडिंग १३. रोल तेच ठेवल्यामुळे पोरांना नवीन काही शिकावं लागलं नाही, फॅमिलिॲरिटीही फारशी पडली नाही. दुसरी टॅक्टिक म्हणजे वेगळी रचना असं मी आजवर समजत आलो होतो.

आता सामन्याआधी आधी मैदान बघायचं, मग टॅक्टिक निवडायची. हे वाचून जुनेजाणते हसतील. हसा.

आणखी एक बारीक दुरुस्ती. सहा नंबरला सपोर्टवरून डिफेंड ड्यूटीवर आणलं. सपोर्टवर तो चेंडूच्या मागे मागे वर सरकायचा आणि काउंटरला मागे फक्त दोघे उरायचे. आता तो, दोन सेंटर बॅक आणि डावा फुल बॅक असे चौघे असतात. याचा आक्रमणाशी संबंध नाही असं वाटेल, पण आहे. मागे माणसं आहेत म्हटल्यावर उजव्या विंग बॅकला वर पाठवताना माझ्या पोटात गोळा येत नाही.

४ ऑगस्ट, रविवार

हंगाम संपला. शेवटच्या आठ सामन्यांत ५ विजय, २ बरोबरी, १ पराभव, गोल १४. त्यातले तीन सामने चिखलाच्या टॅक्टिकनं खेळलो, दोन जिंकले, एक बरोबरीत. एकूण ४६ सामने, १४ विजय, १५ बरोबरी, १७ पराभव, ५७ गुण, ५० गोल, जागा १५ वी. प्लेऑफचं स्वप्न बघितलं होतं, ते सातव्या जागेपर्यंतच्यांसाठी असतं. तिथून फार लांब राहिलो.

शेवटच्या आठ सामन्यांत ताबा ५३ टक्के, शॉट १३, एक्स-जी १.५. सुरुवातीला ६१ टक्के, ७ आणि ०.७ होता. पास अजूनही छोटेच आहेत, संघाच्या सरासरी पासाची लांबी लीगमधल्या सगळ्यांत कमी पाचांत आहे. ३४ व्या मिनिटासारखं दृश्य अजून प्रत्येक सामन्यात एक-दोनदा दिसतं, विशेषतः आपण १-० नं पुढे असलो की. तेव्हा ते चालतं.

हिशेब. खेळण्यात गेलेले तास ७१, त्यातले साधारण २० चुकीच्या दिशेनं. म्हाताऱ्याचे ४९,००० पौंड. बोर्डाचा एक दम. बायकोचे दोन.

अजून न सुटलेलं: डावा विंगर. रेघेला चिकटून उभा राहतो, साइड बॅकला बाहेर ओढतो, काम करतो, पण ३२ सामन्यांत असिस्ट दोन. क्रॉसिंग ८. जानेवारीत लोनवर कुणी आणता आला असता, तेव्हा मी दुसऱ्याच गोष्टीत गुंतलो होतो. या उन्हाळ्यात पहिला खर्च त्या जागेवर.

मैदानाचं माप बदलायचा प्रश्न हंगामाच्या सुरुवातीला येतो, तो आलाय. गेल्या वर्षी पासिंगसाठी म्हणून जमेल तेवढं रुंद ठेवलं होतं. या वर्षी थोडं आवळतोय. आमचे साइड बॅक धावून धावून मार्चपर्यंत पार गळाले होते.

म्हाताऱ्याचा करार ३० जूनला संपला. एजंट १,३०० मागत होता. ९०० वर आणि फक्त एक वर्षावर आणलाय. पेस आता ६ दाखवतोय, फर्स्ट टच अजून १४. मामांना विचारलं ठेवू का, तर म्हणाले, "पळायला दुसरी पोरं हायत न्हवं? मग ठेव."